जबलपूरची बेमुदत कैद

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत ठगांच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या, पण पकडलेल्या ठगांचं पुढे काय झालं हे कुणी सांगत नसे. मी मूळचा इंजिनिअर, त्यामुळे कथेपेक्षा तिच्यामागची व्यवस्था बघायची सवय.

सागर-जबलपूरचा मुलूख 1818 च्या सुमारास मराठ्यांकडून कंपनीकडे गेला. तिथे कॅप्टन स्लीमन यांच्यापुढची अडचण खरी होती. ठग वाटसरूशी ओळख वाढवत, वाटेत गळा आवळत आणि प्रेत पुरून टाकत. मेलेला परमुलखातला, बघणारा कुणी नाही, आरोपी दुसऱ्याच संस्थानच्या हद्दीत. खून शाबीत करायचा कसा?

त्यावर 1836 चा कायदा क्रमांक 30 आला. माणूस ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं की सक्तमजुरीसह जन्मठेप. कायद्याआधी होता की नंतर, कंपनीच्या हद्दीत की बाहेर, याने फरक पडत नसे. म्हणजे आमच्या शिंदेशाहीत वावरलेलाही त्यात सापडे.

पुरावा मुख्यतः माफीच्या साक्षीदारांचा. फिरंगिया हा त्यातला सर्वांत गाजलेला. हे लोक साथीदार ओळखून देत, पुरलेली प्रेतं दाखवत. बदल्यात फाशी टळे, सुटका मात्र नाही. सोडलं तर पुन्हा रुमाल हातात घेतील, ही भीती. त्यांच्यासाठी जबलपूरला उद्योगशाळा निघाली. तिथे तंबू आणि गालिचे तयार होत. त्यांच्या मुलांनाही तिथेच कामाला लावलं, का, तर बापाचा धंदा पोरगा उचलेल. पोरांनी तर काहीच केलेलं नव्हतं!

इथून 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा फार लांब नाही. त्यात अख्ख्या जमाती नोंदवहीत गेल्या. हजेरी, परवाना आणि पुढे वसाहती. सोलापूरची ‘सेटलमेंट’ अनेकांना ठाऊक असेल. देशभर हा कायदा रद्द व्हायला 1952 उजाडलं.

वाटसरूंना संरक्षण हवंच होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण कारखान्यात धोक्याच्या यंत्राला कुलूप घालताना आम्ही ते कुणी आणि काय तपासून उघडायचं, हेही लिहून ठेवतो. जबलपूरचं कुलूप घालताना ते कुणी लिहिलं नाही. म्हणून बापाची कैद पोरापर्यंत आणि पुढे जमातीपर्यंत पोचली.