गोलखंडाचे घनफळ

सपाट प्रतलाने गोल छेदला असता जो टोपीसारखा भाग निघतो, त्यास गोलखंड म्हणतात. त्याच्या घनफळाचे प्रचलित सूत्र मूळ गोलाची त्रिज्या मागते. आणि नेमकी तीच मोजता येत नाही. हलवायाच्या कढईचे केंद्र हवेत असते! हाती लागतात ती मापे दोनच: तोंडाचा व्यास आणि मध्यावरील खोली.

येथे भास्कराचार्यांची ‘लीलावती’ (इ. स. ११५०) साहाय्यास येते. अर्ध्या जीवेच्या वर्गास शराने भागून त्यात शर मिळविला की व्यास येतो. तोंड ४० सेंटिमीटर व खोली १० असल्यास ४०० भागिले १०, अधिक १०, म्हणजे ५०. कारण असे, की अर्धवर्तुळातील कोन काटकोन असल्यामुळे अर्ध्या जीवेचा वर्ग व्यासाच्या दोन तुकड्यांच्या गुणाकाराइतका असतो. हे कारण न सांगता नियम घोकवून घेणे यास आम्ही शिक्षण म्हणत नाही.

व्यास न काढताही घनफळ मिळते. तोंडाच्या त्रिज्येच्या वर्गाची तिप्पट करून तीत खोलीचा वर्ग मिळवावा. बेरजेस खोलीने व पायने गुणून ६ ने भागावे. आपली कढई सुमारे ६.८ लिटरची ठरते. खोली तोंडाच्या त्रिज्येइतकी धरल्यास अर्धगोलाचे परिचित सूत्र येते. हा पडताळा फळ्यावर अवश्य घ्यावा.

आम्हां भोपाळकरांस सांचीचा महास्तूप जवळ आहे. तो भरीव असून त्याचे अंड माथ्यावर सपाट आहे. ते गोलाचाच भाग मानल्यास तिसरे माप लागते, ते माथ्याच्या सपाटीच्या त्रिज्येचे. तिच्याही वर्गाची तिप्पट वरील बेरजेत मिळवावी आणि खोलीच्या जागी अंडाची उंची घ्यावी.