पट्टीचा इलाज

पायाच्या फुगलेल्या शिरांना आपल्याकडे कुणी आजार मानतच नाही. सलूनमधले कारागीर, एसटीचे वाहक, दिवसभर फळ्यापाशी उभ्या असणाऱ्या बाई यांच्या पोटऱ्यांवर निळ्या गाठी उठल्या, की ‘उभं राहून होतंच ते’ म्हणून विषय संपतो. पुढे घोट्याच्या वरची कातडी काळपट पडते, खाजते. मग गजकर्ण समजून मेडिकलमधून आणलेलं मलम सुरू होतं. माझ्या मावशीचं असंच झालं. घोट्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी जखम झाली आणि ती भरेचना. हळद झाली, खोबरेल झालं, शेजारणीने सांगितलेला पालाही झाला. तिची मधुमेहाची तपासणी वारंवार झाली, शिरांची मात्र कुणीच केली नाही. या विषयाने मला पछाडलं ते तेव्हापासून.

मूळ बिघाड असतो दाबाचा. उभं असताना घोट्यापाशी शिरेतला दाब 80-90 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. चालू लागलं की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, शिरेतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत आणि दाब उतरतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही तो पुरेसा उतरत नाही. मग तांबड्या पेशी कातडीत झिरपतात, त्यांच्यातलं लोह तिथेच साठतं आणि कातडी तपकिरी, कडक होते. अशा कातडीला साधं खरचटलं तरी त्याची जखम होऊन बसते.

शस्त्रक्रियांचा इतिहास थोडक्यात आटोपतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत ट्रेंडेलेनबर्ग यांनी शीर बांधली, विसाव्या शतकात ती तारेने ओढून काढू लागले, आणि शतक संपता संपता लेसर आणि रेडिओलहरींनी ती आतूनच बंद करण्याची सोय झाली. फेसाचं इंजेक्शनही आहे. ब्रिटनमध्ये 798 रुग्णांवर या पद्धतींची तुलना झाली. निष्कर्ष 2014 मध्ये आले. सहा महिन्यांनंतरच्या जीवनमानात लेसर आणि शस्त्रक्रिया यांच्यात लक्षणीय फरक नव्हता. लेसरमध्ये गुंतागुंत कमी झाली, एवढं खरं.

माझा जीव अडकलाय तो मात्र पट्टीत! हॅम्बर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेरसन ऊना यांनी एकोणिसाव्या शतकात जस्ताच्या लेपाची पट्टी पायाला गुंडाळली. ‘ऊना बूट’ आजही वापरात आहे. पुढे लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात चार थरांची पट्टी आली. तिथल्या डॉक्टरांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, इतर उपायांना दाद न देणाऱ्या किंवा पुन्हा उद्भवलेल्या 148 जखमांपैकी 110 जखमा बारा आठवड्यांत भरल्या होत्या.

ही पट्टी बांधताना मी एका निवृत्त सिस्टरांकडे जवळून पाहिली आहे. आधी पाऊल काटकोनात धरायचं. मग कापसाचा मऊ थर. घोट्याच्या हाडाशेजारच्या खळग्यांत त्या जास्तीचा कापूस भरत. त्यावर क्रेप, मग लवचीक पट्टी आणि शेवटी स्वतःलाच चिकटणारी. बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा. ओढ सगळीकडे सारखीच ठेवायची. घोटा बारीक आणि पोटरी जाड असल्यामुळे तेवढ्याच ओढीत घोट्यावर दाब आपोआप जास्त पडतो, सुमारे 40 मिलिमीटर, आणि वर तो कमी होत जातो. लाप्लासचा हा नियम सिस्टरांना नावाने ठाऊक नव्हता, पण हातात पक्का होता. “वर आवळलीस तर पाय सुजवशील,” त्या शिकाऊ मुलीला दटावत.

पट्टीखाली काय लावायचं, यावर मात्र लोकांनी आयुष्यं घालवली. न्यूझीलंडमध्ये 368 रुग्णांवर मध लावलेल्या ड्रेसिंगची चाचणी झाली. नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा ठोस फायदा दिसला नाही आणि त्रास वाढला. 2009 मध्ये छापून आलेल्या ब्रिटिश चाचणीत तर चक्क माशीच्या अळ्या सोडून पाहिल्या. अळ्यांनी मेलेलं मांस झटपट साफ केलं, वेदना मात्र वाढवल्या, आणि जखम काही लवकर भरली नाही. मलमांवर खर्च होणारा पैसा पाहिला की हे निष्कर्ष दवाखान्यांच्या भिंतींवर लावावेत असं वाटतं.

पट्टीलाही मर्यादा आहेच. जखम ती भरते, बिघडलेली शीर तशीच राहते. 2004 मध्ये छापून आलेल्या 500 रुग्णांच्या ब्रिटिश अभ्यासात शस्त्रक्रियेची जोड दिल्याने जखम लवकर भरली नाही, पण वर्षभरात ती पुन्हा होण्याचं प्रमाण 28 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आलं. मग 2018 मध्ये मनजित गोहेल आणि सहकाऱ्यांनी 450 रुग्णांवरचा अभ्यास मांडला. पट्टी सगळ्यांनाच होती. अर्ध्या रुग्णांची शीर दोन आठवड्यांत बंद केली, उरलेल्यांना थांबवलं. लवकर उपचार झालेल्यांत जखम भरायला लागलेल्या दिवसांचा मध्यक 56 होता, दुसऱ्या गटात 82. ‘जखम भरू दे, मग शिरेचं बघू’ हा जुना शिरस्ता त्याच दिवशी बाद व्हायला हवा होता.

घरच्या घरी पट्टी आवळू नका. पायाच्या धमन्यांत रक्त कमी येत असेल, तर घट्ट पट्टीने पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. पण गुडघ्याखालची जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर मलमं बदलत बसू नका. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाची तुलना आणि शिरांची कलर डॉपलर तपासणी, या दोन गोष्टी डॉक्टरांकडे स्वतःहून मागा.