कॉलेजला ‘ए प्लस प्लस’, पण विद्यार्थ्याला काय आलं?

ॲडमिशन सुरू झाल्या की कॉलेजच्या फ्लेक्सवर ‘नॅक ए प्लस प्लस’ हमखास झळकतं. १९९४ साली स्थापन झालेली, बेंगळुरूत मुख्यालय असलेली नॅक आजवरच्या पद्धतीत सात निकषांवर ४ पैकी गुण देत आली, ३.५१ किंवा त्याहून जास्त मिळाले की ही श्रेणी. संलग्न कॉलेजांसाठी १००० पैकी तब्बल ३५० गुण शिकवणं, शिकणं आणि मूल्यमापनाला.

‘लर्निंग आउटकम’ यातच येतात. म्हणजे कोर्स संपल्यावर विद्यार्थ्याला काय जमायला हवं? समजा, बीकॉमला पर्यावरणाचा पेपर आहे. प्रदूषणाचे प्रकार पाठ करूनही पास होता येतं. पण गावच्या नदीच्या पाण्याचा तपासणी अहवाल वाचून त्याचा अर्थ सांगता आला, तर तो आउटकम. तो तपासायचा तर प्रश्नपत्रिकाच बदलावी लागते. बऱ्याचदा बदलते ती फाईल! त्यात मुख्य विषयाबाहेरचे पेपर म्हणजे ‘सुटला की झालं’.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तर सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीतल्या सदस्यांनाच लाचप्रकरणी अटक केली.

त्यामुळे नुसता फ्लेक्स बघू नका. कॉलेजच्या वेबसाइटवर स्वयं-मूल्यांकन अहवाल शोधा आणि आउटकम कसे मोजले, तेवढं वाचा. आणि नॅकचा विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा ईमेल आला, तर स्वतः भरा.