एन्नोरची खाडी आणि ताटातली मासळी

चेन्नईच्या उत्तरेस कोसस्थलैयार नदी एन्नोर खाडीतून बंगालच्या उपसागराला मिळते. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या अतिवृष्टीत मणली येथील चेन्नई पेट्रोलियम कॉर्पोरेशनच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या परिसरातील तेल पुरात मिसळले आणि बकिंगहॅम कालव्यामार्गे खाडीत पोहोचले. होड्या, जाळी व कांदळवने तेलाने माखली. राष्ट्रीय हरित लवादाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली.

तेलातील काही घटक कर्करोगाला कारणीभूत ठरू शकतात. मासे ते शरीराबाहेर टाकण्यास बऱ्याच अंशी समर्थ असतात. पाणी गाळून अन्न मिळविणाऱ्या तिसऱ्या व कालवांना मात्र ते सहज जमत नाही. खाडीकाठच्या औष्णिक विद्युत केंद्राची राखही वर्षानुवर्षे गळक्या नळांतून पात्रात उतरत आली आहे. कोळशाच्या राखेत शिसे, आर्सेनिक आणि पारा अल्प प्रमाणात असतात. अन्न शिजविल्याने जंतू मरतात, धातू मात्र तसेच राहतात.

हवामान बदलाचा संबंध येथेच येतो. वातावरण एक अंश सेल्सिअसने तापले की त्याची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे अतिवृष्टीचा जोर वाढतो. ज्या खाडीच्या वरच्या अंगाला कारखाने आहेत, तेथे पूर केवळ पाण्याचा राहत नाही. शिवाय उबदार पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मासे थंड पाण्याकडे सरकतात. पारंपरिक होडीला तितक्या दूर जाणे परवडणारे नसते.

त्यातच ‘मायटेला स्ट्रिगाटा’ ही मूळची अमेरिका खंडातील शिंपली खाडीच्या तळावर पसरली आहे. ती जहाजांच्या समतोलासाठी भरलेल्या पाण्यातून आली असावी, असे मानले जाते. तिच्या थरांमुळे कोळंबीला व स्थानिक तिसऱ्यांना जागा उरत नाही.

मच्छीमार कुटुंबात विकून उरलेली बारीक मासळी घरच्या कालवणात पडते. काट्यासह खाल्ल्या जाणाऱ्या या मासळीतून कॅल्शियम, आयोडीन, ब-१२ जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ मेदाम्ले मिळतात. गर्भवती व वाढत्या मुलांना त्यांची विशेष गरज असते. भात आणि रस्सम यांनी पोट भरते, पण ही उणीव भरून निघत नाही.

पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी असते. समुद्रातील साठा टिकविण्यासाठी ती आवश्यक आहे. खाडीत येणारी राख आणि तेल मात्र तिच्या कक्षेत येत नाही.