खाडा न धरणारी खानावळ

ऑर्लँडो, फ्लोरिडा

पुण्या-मुंबईकडच्या शाळांना सुट्ट्या लागायच्या आधीच इथल्या मराठी घरांतले फोन वाजू लागतात. विमानाची तिकिटं झालेली असतात, डिस्नेच्या हॉटेलातली खोली पक्की असते आणि आरक्षण करताना एका प्रश्नावर गाडी अडलेली असते: जेवणाचा प्लॅन घ्यायचा की नाही? पैसे आधी भरायचे, मग तिथे पाकिटाला हात लावायचा नाही. सोबत आई-बाबा आहेत, मुलं लहान आहेत, मग घेऊनच टाकावा का? याचं उत्तर द्यायचं तर इथला माणूस सुट्टीत काय खातो, काय पितो आणि बिल आल्यावर काय करतो, तिथून सुरुवात करावी लागते.

जेवणाचे पैसे आगाऊ भरणं अमेरिकेला नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात इथल्या हॉटेलांत खोलीच्या भाड्यातच तिन्ही वेळचं जेवण धरलेलं असे, आणि त्या पद्धतीला आजही 'अमेरिकन प्लॅन' म्हणतात. आपल्याकडून इथे शिकायला येणाऱ्या मुलांनाही हे ठाऊक असतं, कारण अनेक विद्यापीठांत वसतिगृहात राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना 'मील प्लॅन' घ्यावाच लागतो. डिस्नेने आजच्या रूपातला डायनिंग प्लॅन २००५ मध्ये आणला. त्याच वर्षी कंपनीने विमानतळावरून हॉटेलपर्यंत फुकट बसही सुरू केली. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या की हेतू कळतो. पाहुण्याने गाडी भाड्याने घेऊ नये आणि गाडी नाही म्हणून बाहेर जेवायला जाऊ नये.

या विचाराचं मूळ आणखी मागे आहे. वॉल्ट डिस्नेने १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमला डिस्नेलँड उघडलं, तेव्हा आसपास इतरांची मोटेलं आणि खानावळी उगवल्या. माणसं डिस्नेमुळे यायची, पण राहण्याजेवण्याचे पैसे शेजारी कमवायचे. म्हणून फ्लोरिडात त्याने वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप जमीन घेतली. आज वॉल्ट डिस्ने वर्ल्डचा पसारा सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा आहे. वॉल्ट १९६६ मध्ये गेला आणि पहिलं पार्क १९७१ मध्ये उघडलं, पण पाहुण्याला कुंपणाच्या आत ठेवायची त्याची कल्पना टिकली. जेवणाचा प्लॅन हे तिचंच एक रूप आहे. विमानतळाची ती फुकट बस मात्र २०२२ च्या सुरुवातीपासून बंद आहे. त्यामुळे पाहुणा आता नाहीतरी गाडीचं भाडं भरतोच, आणि बाहेर जेवायला जाणंही पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही.

करोनाच्या काळात बंद पडलेला प्लॅन जानेवारी २०२४ मध्ये दोन प्रकारांत परत आला. पहिल्यात दर रात्रीमागे माणशी दोन 'क्विक सर्व्हिस' जेवणं मिळतात, म्हणजे काउंटरवरून आपण ट्रे उचलायचा ती. दुसऱ्यात एक काउंटरचं आणि एक टेबलावर बसून वाढलं जाणारं जेवण. दोन्हींत रोज एक खाऊ असतो आणि हॉटेलात पुन्हा पुन्हा भरता येणारा एक पेयाचा मग. जेवण म्हणजे एक मुख्य पदार्थ आणि एक पेय, टेबलावर असेल तर वर गोड. स्टार्टरचे पैसे वेगळे. हा प्लॅन फक्त डिस्नेच्या हॉटेलात पॅकेजवर राहणाऱ्यांनाच मिळतो, आणि एका आरक्षणातल्या तीन वर्षांवरच्या प्रत्येकाला तो घ्यावाच लागतो. आजीला नको आणि नातवाला हवा, असं चालत नाही. आजी-आजोबांची खोली वेगळ्या आरक्षणात असेल तर गोष्ट निराळी.

पुण्यात मेसचा महिना भरून जेवलेल्यांना हा व्यवहार पटकन कळेल. तिथे चार दिवस गावी गेलात आणि आधी सांगितलंत, तर मावशी खाडे धरून पैसे पुढच्या महिन्यात वळते करतात. डिस्नेच्या मेसमध्ये खाडा धरत नाहीत. सगळी जेवणं पहिल्या दिवशीच खात्यात जमा होतात आणि मुक्कामात कधीही, कशाही क्रमाने वापरता येतात. पण हॉटेल सोडायच्या दिवशी मध्यरात्री उरलेली सगळी बाद होतात, आणि परतावा काही मिळत नाही. शिवाय हिशेब रात्रींचा असतो. पाच रात्री आणि सहा दिवस राहिलात तर शिदोरी पाच दिवसांचीच.

आता आकडे पाहू. २०२४ मध्ये काउंटरच्या प्लॅनला रात्रीमागे मोठ्यांना ५७.०१ डॉलर आणि ३ ते ९ वर्षांच्या मुलांना २३.८३ डॉलर पडत होते. टेबलवाल्या प्लॅनला मोठ्यांना ९४.२८ आणि मुलांना २९.६९. त्यानंतर दर वाढलेच आहेत, पण प्रमाण समजायला हे पुरेत. नवरा, बायको, आजी, अकरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा असं कुटुंब धरा. दहाव्या वर्षापासून मूल मोठ्यांत मोजतात, म्हणून इथे मोठी माणसं चार झाली. पाच रात्रींचा काउंटरचा प्लॅन १,२५९ डॉलरचा आणि टेबलवाला २,०३४ डॉलरचा. डॉलर ८४ रुपयांचा धरला तर दुसरा आकडा पावणेदोन लाखांच्या जवळ जातो.

एवढ्या पैशांचं अन्न पोटात जातं का? काउंटरवरचा बर्गर आणि फ्राइज साधारण चौदा डॉलरचे, पेय पाचाच्या आसपास. अशी दोन जेवणं, एक आइस्क्रीम आणि मगचा रोजचा वाटा धरला तर मोठ्या माणसाचे दिवसाला पन्नासेक डॉलर होतात, करासह थोडे जास्त. म्हणजे प्लॅनच्या किमतीला पोचायचं तर जेवणासोबत बिअर किंवा कॉकटेल हवं. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. २०१८ पासून २१ वर्षांवरच्या पाहुण्याला पेय म्हणून मद्य घ्यायची मुभा प्लॅनमध्ये आहे आणि प्लॅनचा भावही तशाच खाणाऱ्यापिणाऱ्याला जुळतो. जेवणासोबत बिअर घेणारा, रात्री स्टेक मागवणारा आणि गोड न सोडणारा अमेरिकन गडी पैसे वसूल करून उठतो. पाणी पिणारी आपली आजी त्याच दरात अर्धी प्लेट टाकून उठते. पाणी तर इथे काउंटरवर मागितलं की बर्फ घालून फुकट देतात. सगळ्यांत तोट्याचं गिऱ्हाईक म्हणजे दहा ते वीस वयाची मुलं. पैसे मोठ्यांचे भरायचे आणि महागडं पेय घ्यायला कायद्याने बंदी.

धाकट्यांचा हिशेब मात्र नेमका उलटा आहे. मिकी, मिनी, गूफी टेबलाशी येऊन फोटो काढू देतात अशी 'कॅरेक्टर' जेवणं इथे फार लोकप्रिय आहेत. कंटेम्पररी हॉटेलातल्या 'शेफ मिकीज'मध्ये रात्रीच्या जेवणाला मोठ्यांना साठ डॉलरच्या वर आणि मुलांना चाळीसच्या वर मोजावे लागतात. मुलाचा अख्ख्या दिवसाचा प्लॅन तिसाच्या आसपास असताना हे एकच जेवण तो वसूल करून देतं. २०२६ साठी तर मोठ्यांनी प्लॅन विकत घेतला की ३ ते ९ वर्षांच्या मुलांचा फुकट, अशी योजना कंपनीने जाहीर केली. पण या जेवणांची आरक्षणं साठ दिवस आधी उघडतात आणि चांगल्या वेळा भराभर संपतात. सिंड्रेलाच्या किल्ल्यातल्या जेवणाला तर एकाऐवजी दोन जेवणं खर्ची पडतात.

'पाकिटाला हात लावायचा नाही' हेही पुरतं खरं नाही, कारण प्लॅनमध्ये टिप धरलेली नसते. आपल्याकडे टिप हा खुशीचा मामला. इथे टेबलावर वाढणाऱ्याला बिलाच्या १८ ते २० टक्के देणं हा अलिखित कायदा आहे, आणि त्याचं कारण पगारात आहे. टिप मिळणाऱ्या कामगाराचं देशपातळीवरचं किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर अडकून पडलं आहे. फ्लोरिडाची स्थिती बरी. मतदारांनी २०२० मध्ये केलेल्या घटनादुरुस्तीमुळे इथलं किमान वेतन टप्प्याटप्प्याने वाढत सप्टेंबर २०२५ अखेर १४ डॉलर झालं. पण टिप मिळणाऱ्याला मालक त्यातून ३.०२ डॉलर कमी देऊ शकतो. थोडक्यात, पगाराचा एक हिस्सा गिऱ्हाइकाने द्यायचा, अशी ही व्यवस्था आहे. वर सांगितलेलं कुटुंब शेफ मिकीजमध्ये प्लॅनवर जेवलं तरी टिप मूळ किमतीवरच मोजायची, आणि ती पन्नास डॉलरच्या पुढे जाते. सहा किंवा जास्त माणसं असतील तर १८ टक्के बिलातच लावून येतात. एकत्र कुटुंबाने निघणाऱ्यांनी हे आधीच धरून ठेवावं.

मग प्रश्न शाकाहाराचा. डिस्नेच्या मेनूवर वनस्पतीजन्य पदार्थांपुढे हिरवं पान छापलेलं असतं. ते आपल्या हिरव्या ठिपक्यासारखं सरकारी नाही, कंपनीचं आहे, आणि त्यात दूध-तूपही बसत नाही. साधं चीज घातलेलं शाकाहारी काही हवं असेल तर पान सापडणार नाही, विचारावं लागेल. सूपमध्ये चिकनचं पाणी आहे का आणि गोडात जिलेटिन आहे का, हेही विचारायचंच. टेबलावरच्या जेवणाला विचारलं तर शेफशी बोलता येतं आणि ते मनापासून सोय करतात. अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या 'सना' या उपाहारगृहात नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या मिळतात, आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. एपकॉट पार्कात अकरा देशांची दालनं मांडली आहेत, त्यांत भारत नाही. शिवाय शाकाहारी थाळा बहुधा मेनूतला स्वस्त पदार्थ असतो, आणि प्लॅनमध्ये स्वस्त थाळ्याला आणि महाग स्टेकला मोल एकच. शाकाहारी माणूस इथे मांसाहारी शेजाऱ्याचं बिल हलकं करतो.

असं असूनही हिशेबी अमेरिकन माणसं हा प्लॅन का घेतात? ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या अर्थतज्ज्ञांनी १९९८ मध्ये असल्या वागण्याचा उलगडा केला. पैसे देताना माणसाला टोचतं. वॉशिंग मशीनचे पैसे लोकांना वापरता वापरता द्यायला आवडतात, पण सुट्टीचे मात्र आधीच देऊन टाकावेसे वाटतात, म्हणजे प्रत्यक्ष मजा करताना ती फुकटात चाललीय असं वाटतं. 'हे चौदा डॉलरचं? राहू दे, घरी जाऊन खाऊ,' असं रोज म्हणणाऱ्या बाबांसाठी हे औषध खरंच लागू पडतं. पण त्याला दुसरी बाजूही आहे. भरलेलं वसूल करायच्या नादात माणसं भूक नसताना खातात, आणि शेवटच्या रात्री उरलेल्या खाऊचे डबे गोळा करत दुकानांतून फिरतात.

पर्याय हवा असेल तर तो सोपा आहे. डिस्नेच्या पार्कांत बाहेरचं खाणं न्यायला परवानगी आहे. काचेची भांडी, मद्य आणि गरम करावं लागणारं अन्न तेवढं नको. म्हणजे चिवडा, दशम्या, लाडू सगळं चालतं. भारतातून आणताना मांस, ताजी फळं, बियाणं टाळा आणि उरलेलं कोरडं खाणंही विमानतळावर जाहीर करा. कुटुंब मोठं असेल तर जवळच्या किसिमीत स्वयंपाकघर असलेली घरं भाड्याने मिळतात. रात्री वरण-भात लावला की आजी खूश. इंटरनॅशनल ड्राइव्हवर भारतीय उपाहारगृहंही आहेत, आणि आपल्याकडच्या सहली तिथे जेवतात.

माझं मत विचाराल तर असं आहे. मुलं तीन ते नऊच्या आतली आहेत, त्यांना मिकीसोबत जेवायचंय, आईवडील सगळं खातात-पितात आणि जेवणांची आरक्षणं हातात आहेत, तर टेबलवाला प्लॅन घ्या. शाकाहारी, न पिणारं, आजी-आजोबांसह निघालेलं आणि दहा वर्षांवरच्या मुलांचं कुटुंब असेल, तर कुठलाच घेऊ नका. काउंटरचा प्लॅन आपल्यापैकी फारच थोड्यांना परवडतो. आणि कुठलाही प्लॅन घेण्याआधी डिस्नेच्या संकेतस्थळावरचे मेनू उघडा. त्यावर किमतींसह सगळं छापलेलं असतं. तुमच्या घरातला प्रत्येक माणूस एका दिवसात खरोखर काय खाईल ते लिहून बेरीज करा, वर साडेसहा टक्के कर धरा. बेरीज प्लॅनच्या किमतीहून जास्त आली तरच पैसे भरा.