पहिल्या तीन महिन्यांत डाग दिसला तर

पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारपैकी एका गरोदर बाईला थोडंफार रक्त जातं. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींचं गरोदरपण पुढे नीट चालतं. गर्भ रुजताना किंवा संबंधानंतर फिकट गुलाबी, तपकिरी डाग दिसू शकतो. तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. नुसत्या रंगावरून काही ठरत नाही, सोनोग्राफी लागते. पॅड वापरा, म्हणजे किती गेलं ते सांगता येतं.

तासाभरात पॅड भिजलं, गाठी पडल्या, ताप आला, भोवळ आली, पोटात एका बाजूला कळ आली किंवा खांद्याचं टोक दुखू लागलं, तर लगेच निघायचं. शेवटची तीन लक्षणं गर्भ नळीत राहिल्याची असू शकतात. नळी फुटली तर जिवावर बेततं, मग बाहेरचा डाग केवढाही छोटा असो. ‘उष्णता झाली असेल, सकाळी बघू’ हा घरचा सल्ला इथे ऐकू नये.

पुण्यात येरवड्याच्या बाजूला राहत असाल तर तिथे महापालिकेचं राजीव गांधी रुग्णालय आहे, बंडगार्डनचा पूल ओलांडून पुढे ससून रुग्णालय, रुग्णवाहिकेसाठी १०८. रक्तगट निगेटिव्ह असल्यास आधीच सांगा: अँटी-डी इंजेक्शन लागलंच, तर ते ७२ तासांच्या आत द्यायचं असतं.