उत्तुंग इमारतींतील शेती आणि सांडपाण्याचा प्रश्न

परस म्हणजे घराची मागील बाजू. जुन्या मराठी घरातील मोरीचे पाणी आपोआप परसात जाई आणि तेथील अळू, केळ वा कर्दळ त्यावर पोसली जाई. ‘परसबाग’ ह्या शब्दात बाग व सांडपाणी यांचा हा संबंध गृहीतच आहे. बहुमजली इमारतीत तो तुटतो. तेथे पाणी नळाने वर चढते आणि वापरले जाताच दुसऱ्या नळाने गटारात उतरते.

खडकवासल्यास हा विषय केवळ हौसेचा राहत नाही. १८७९ मध्ये पूर्ण झालेल्या येथील धरणाचे पाणी पुणे शहरास मिळते, तसेच कालव्यावाटे दौंड-इंदापूरकडील शेतांसही मिळते. २०२१ साली हे गाव पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. परिसरातील उंच इमारतींच्या गच्च्यांवर भाजीपाला पिकवावा, ही कल्पना रम्य खरी. परंतु त्यासाठी पिण्याचे पाणी वापरणे म्हणजे खालच्या शेताच्या तोंडचे पाणी वरच्या वाफ्यास देणे होय.

उन्हाळ्यात भाजीपाल्यास दर चौरस मीटरला रोज सुमारे ५ ते ६ लिटर पाणी लागते. १०० चौरस मीटर वाफ्यांची गरज फार तर ६०० लिटर. भारतीय मानकात स्नानासाठी माणशी ५५ लिटर पाणी धरलेले आहे. अर्थात अकरा माणसांच्या स्नानाच्या पाण्यात ती भागते. १,००० लिटर पाणी ६० मीटर चढविण्यास तत्त्वतः अवघी ०.१६ युनिट वीज लागते. पंपातील तूट धरली तरी हा आकडा भीतिदायक होत नाही. खरी अडचण निराळीच आहे. न्हाणीचे व शौचालयाचे पाणी एकदा एकत्र झाले, की त्यातील निर्धोक भाग निवडून घेता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र नळ मूळ नकाशातच दाखवावा लागतो.

भाराचेही तसेच. ओल्या मातीच्या ३० सेंटिमीटर थराचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरते. वावराच्या गच्चीसाठी मानकाने धरलेला भार सुमारे १५० किलोच आहे. म्हणूनच मुंबईत डॉ. दोशी यांनी मातीऐवजी मुख्यतः उसाची चिपाडे वापरली, तर मुंबई बंदराच्या भोजनगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे खत उपयोगात आणले गेले. मात्र थर पातळ केला की तो लवकर सुकतो, आणि गाडे पुन्हा पाण्यापाशीच येते.

न्हाणीचे पाणी गाळून मुळांशी द्यावे, पानांवर शिंपडू नये. कच्ची खाण्याची भाजी त्यावर घेऊ नये. अळू तर शिजवूनच खातात.